टेकडीवर पहिल्यांदा पळताना: चढाचं टेन्शन कमी घ्या, उताराचं जास्त

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की वय ४२, राहायला पुण्यात कोथरूडला, दीडेक वर्ष सपाट रस्त्यावर पळताय, १० किमी ६५ मिनिटांत आरामात होतात. मित्रांच्या नादाने साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनला (घाट चढून-उतरून २१ किमी) नाव दिलंय आणि हातात बारा आठवडे आहेत. मागच्या रविवारी एआरएआयच्या (कोथरूडजवळची वाहन-संशोधन संस्था) रस्त्याने वेताळ टेकडीवर पळत जायला गेलात तर तीनचारशे मीटरवरच जीभ बाहेर आली, मग उरलेलं चालत गेलात, येताना भरपाई म्हणून सुसाट खाली आलात आणि सोमवार-मंगळवार ऑफिसचा जिना कठड्याला धरून आडवं आडवं उतरावा लागला. आता विचारताय की माझा स्टॅमिना एवढा कमी कसा, नाव काढून घेऊ का, आणि आई म्हणते तसे गुडघे जातील का.

नाव काढू नका. स्टॅमिनाही कमी नाहीये. तुमच्याच वर्णनात एक गोष्ट आहे जी तुम्ही बाजूला टाकलीय: चढावर जो दम लागला तो वर पोचून पाच मिनिटं उभं राहिल्यावर गेला, पण उतारावर जे झालं ते दोन दिवस पुरलं. मी बरीच वर्षं नवीन लोकांना टेकडीवर नेतोय, दरवेळी हेच बघतो, सगळे चढाला घाबरतात, चढाचीच तयारी करतात आणि प्रत्यक्षात वाट लागते ती उतारावर. साताऱ्याच्या रेसमध्ये तर पहिला अर्धा भाग चढ आणि दुसरा अर्धा उतार आहे, म्हणजे ज्याचे पाय वरून परत फिरल्यानंतर शाबूत राहतात त्याचीच रेस चांगली होते. त्यामुळं खाली चढाबद्दल लिहीनच पण जास्त जागा उताराला देणार आहे.

आधी दम का लागला ते बघू. चढ टक्क्यात मोजतात, १०० मीटर पुढे गेल्यावर ५ मीटर वर चढलात तर ५ टक्के. मिनेटी नावाच्या इटालियन संशोधकाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २००२ साली डोंगरावर पळणाऱ्या धावपटूंना तिरक्या केलेल्या ट्रेडमिलवर पळवून किती ऊर्जा लागते ते मोजलं होतं, त्यांच्या सूत्रात आकडे घातले तर ५ टक्के चढावर सपाटीच्या साधारण १.३ पट ऊर्जा लागते आणि १० टक्क्यांवर १.६ पटीहून जास्त. तुमचा सपाटीचा पेस साडेसहा मिनिटं प्रति किमी आहे, म्हणजे तेवढाच जोर लावून ५ टक्के चढावर तुमचा पेस साडेआठ मिनिटांच्या आसपास यायला पाहिजे आणि १० टक्क्यांवर पावणेअकराच्या आसपास. तुम्ही मात्र घड्याळात बघून सहा पन्नास वगैरे राखायचा प्रयत्न केला असणार, मग तीनशे मीटरवर थांबायला होणार नाही तर काय? तो पेस ५ टक्क्यावर ठेवायचा म्हणजे सपाटीवर सव्वापाचच्या पेसने पळण्यासारखं झालं, तुम्ही सपाटीवर तसं किती वेळ पळाल ते तुम्हीच सांगा.

आता कुणी म्हणेल की वर गेलेली ऊर्जा खाली येताना परत मिळते. अर्धवट मिळते. त्याच सूत्राने ५ टक्के उतारावर साधारण पावपट ऊर्जा वाचते, म्हणजे चढावर ३० टक्के जास्त गेली आणि उतारावर २४-२५ टक्के वाचली, आणि ही वाचलेली ऊर्जासुद्धा वेगात बदलायची तर पाय तेवढ्या वेगाने पडायची सवय पाहिजे, ती नवीन माणसाकडे नसते. त्यामुळं डोंगराळ रेसचा वेळ हा सपाट रेसपेक्षा जास्तच येणार, हे आधीच मनात पक्कं करून टाका म्हणजे पुढचं सोपं जाईल.

चढ कुठला निवडायचा हा पुढचा मुद्दा, आणि इथे पुण्यातले लोक हमखास घोळ घालतात. आपल्याकडे घाटरस्ते आखताना साधारण ५ ते ६ टक्क्यांचा चढ धरायची पद्धत आहे, अगदीच अडचणीच्या जागी ७-८ होतो, आणि हेअरपिन वळणावर तो मुद्दाम कमी, अडीच टक्क्यांच्या आत ठेवायचा नियम आहे (जुन्या घाटात तो सगळीकडे पाळलेला असेलच असं नाही, पण वळण आलं की जरा श्वास मिळतो हा अनुभव खरा). टेकडीच्या पायवाटा मात्र कुणी आखलेल्या नसतात, त्या सरळ वर जातात, १५-२० टक्के सहज. आणि सिंहगडाची आतकरवाडीची वाट घ्या, अडीच-पावणेतीन किमीत जवळपास ६०० मीटर उंची, म्हणजे सरासरीच २० टक्क्यांच्या वर. ती चालत चढायची वाट आहे, तिथे जे पळत जातात ते वर्षानुवर्षं जाणारे लोक आहेत. "साताऱ्याची तयारी म्हणून दर रविवारी सिंहगड" हे मी खूप ऐकतो, दमसास वाढतो हे खरं, पण साताऱ्यात डांबरी घाटावर सलग पळायचंय आणि तुम्ही सराव करताय दगडाच्या पायऱ्या चढायचा, दोन्हीचा स्नायूंवरचा ताण वेगळा. महिन्यातून एकदा जायचं तर जा, मजा म्हणून जा, पिठलं-भाकरी खा, पण तोच मुख्य सराव करू नका.

तुमच्यासाठी एआरएआयचा रस्ता चांगलाच आहे. डांबरी, वाट चुकायचा प्रश्न नाही, सकाळी चालणाऱ्यांची वर्दळ असते म्हणून सोबत असते. तळजईची बाजूही बरी, चढ सौम्य आहेत आणि जंगलातून सपाट पट्टेही मिळतात. पुण्याबाहेरचं कुणी वाचत असेल तर मुंबईत बोरिवलीच्या नॅशनल पार्कमधला कान्हेरीचा रस्ता, ठाण्यात येऊर, नवी मुंबईत पारसिक हिल, नागपूरला सेमिनरी हिल्स, कोल्हापूरला पन्हाळ्याचा किंवा जोतिबाचा रस्ता, हे सगळं चालतं. टेकडीच नाही अशा गावात फ्लायओव्हर चालतो, धरणाची भिंत चालते. ट्रेडमिलचं मात्र एक लक्षात घ्या, जिममधल्या बहुतेक मशीनवर चढ लावता येतो पण उतार लावता येत नाही, म्हणजे ज्याची खरी गरज आहे तोच सराव तिथे होत नाही. सोसायटीच्या जिन्याचंही तसंच, दहा मजले चढून लिफ्टने खाली येणारे लोक आहेत, त्यांना सांगतो की बाबांनो चढा लिफ्टने आणि उतरा पायाने, निदान महिन्यातून दोनदा तरी.

चढावर पळायचं कसं. घड्याळातला पेस बघायचा नाही, शक्य असेल तर ती स्क्रीनच बंद करा. जीपीएसचा तात्कालिक पेस झाडाखाली आणि वळणावर तसाही उड्या मारतो, आणि मनगटावरचा हार्टरेट छोट्या चढावर उशिरा वर येतो, म्हणजे तो १६५ दाखवेल तेव्हा तुमचा दम आधीच गेलेला असतो. सगळ्यात भरवशाचं मीटर म्हणजे बोलणं. चढावर शेजारच्याशी पाचसहा शब्दांचं वाक्य बोलता आलं पाहिजे, "काल पाऊस झाला का रे तुमच्याकडे" एवढं एका श्वासात निघालं तर ठीक, नुसतं हं-हं निघत असेल तर वेग कमी करा. पाऊल छोटं करा, सपाटीवर टाकता त्याच्या निम्मं वाटलं तरी चालेल, पण पावलांची लय तीच ठेवा. पुढे झुकायचं ते घोट्यातून, अख्खं शरीर एका रेषेत, कमरेतून वाकून जमिनीकडे बघत चढलात की छाती दबते आणि कंबरही धरते. नजर आठदहा मीटर पुढे, टोकाकडे बघू नका, टोक दिसत राहिलं की माणूस नकळत जोर वाढवतो. हात कोपरातून मागे हलवा, मुठी सैल. टाच टेकवायची की चवड्यावर पळायचं यावर लोक वाद घालत बसतात, सौम्य चढावर टाच हलकी टेकली तर टेकू द्या, सतत चवड्यावर चढलात तर पोटऱ्या आणि टाचेमागची शीर दोन आठवड्यात कुरकुर करायला लागते, खास करून चाळिशीनंतर.

आणि चाला. तुम्ही "चालावं लागलं" असं जरा ओशाळून लिहिलंय म्हणून सांगतो. तीव्र चढावर चालणं हे नुसतं सोपं नाही तर स्वस्तही पडतं. कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली दाखवलं की साधारण १६ अंशांच्या वर, म्हणजे अंदाजे २८ टक्के चढावर, तेवढीच उंची तेवढ्याच वेळात गाठायला पळण्यापेक्षा चालायला कमी ऊर्जा लागते. हे तयारीच्या पळणाऱ्यांवर मोजलेलं आहे, आपल्यासारख्या हौशी माणसाला माझ्या मते तो टप्पा बराच आधी येतो, १०-१२ टक्क्यालाच पळणारा आणि भराभर चालणारा बरोबरीने वर पोचताना मी रोज बघतो. फक्त दम संपल्यावर चालायचं नाही, संपायच्या आधी चालायचं. दोन दिव्यांचे खांब पळा, एक चाला, हे पहिल्या खांबापासून सुरू करा. जो चौथ्या खांबाला हाश्शहुश्श करत थांबतो त्याला परत पळायला लागायला दोनतीन मिनिटं जातात, आणि ठरवून चालणारा दरम्यान पुढे निघून गेलेला असतो. मांडीवर हात टेकून चाललात तरी चालेल, कुणी हसत नाही, हसलं तर हसू द्या.

आता उतार.

सोमवारी जे दुखलं ते मांडीच्या पुढच्या भागात दुखलं ना? पळताना पाय जमिनीवर पडतो तेव्हा मांडीचा पुढचा स्नायू गुडघ्याला एकदम वाकू न देता आवरून धरतो, म्हणजे तो ताणला जात असतानाच जोर लावत असतो. चढावर हे काम फार कमी असतं, सपाटीवर मध्यम, आणि उतारावर प्रत्येक पावलाला भरपूर. अशा ताणत-जोर-लावण्याने स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते, सूज येते, आणि दुखणं लगेच न येता दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळसाला पोचतं. लॅक्टिक ॲसिड साठलं वगैरे काही नसतं, ते तर पळून झाल्यावर तासाभरात निघून जातं. शिवाय धक्का वाढतो तो वेगळाच. २००५ साली झालेल्या एका प्रयोगात ९ अंशांच्या उतारावर पाय पडतानाचा धक्का सपाटीपेक्षा ५४ टक्के जास्त आणि मागे ओढणारा ब्रेकचा जोर ७३ टक्के जास्त मोजला गेला. ९ अंश म्हणजे १६ टक्क्यांचा उतार, टेकडीच्या पायवाटेएवढा. तुम्ही रविवारी "भरपाई" केलीत ती ही.

चांगली बातमी अशी की स्नायू ही गोष्ट फार पटकन शिकतात. एकदा उतारावर पळून दुखलं की पुढच्या वेळी तेवढ्याच उताराला कमी दुखतं, आणि हा परिणाम काही आठवडे टिकतो. म्हणजे उताराचा डोस लसीसारखा घ्यायचा, थोडा, मग जरा जास्त, आणि मधे पुरेसं अंतर ठेवून. रोज घ्यायचा नाही, आणि रेसच्या दहा-बारा दिवस आधीपासून जोरात उतार बंद. रेसच्या आदल्या रविवारी "शेवटची प्रॅक्टिस" म्हणून घाटातून सुसाट खाली येणारे दरवर्षी दिसतात, आणि रेसला त्यांच्या मांड्या स्टार्टलाच जड असतात.

उतरायचं कसं, तर पावलं छोटी आणि पटपट. सपाटीवर तुमची मिनिटाला १६० पावलं पडत असतील तर उतारावर १७०-१७५ पडू द्या. पाऊल लांब टाकलं की पाय शरीराच्या पुढे जाऊन टाचेवर सरळ गुडघ्याने आदळतो, तो प्रत्येक वेळी ब्रेक आहे आणि त्याचा हिशोब गुडघ्याच्या वाटीला चुकवावा लागतो. पाय शरीराच्या खाली पडला पाहिजे, गुडघा किंचित वाकलेला. मागे रेलू नका. भीती वाटली की माणूस मागे रेलतो, मागे रेललं की टाच आदळते आणि ओल्या रस्त्यावर पाय सटकतोही त्यानेच. हात बाजूला थोडे पसरले तरी चालेल, तोल राहतो, दिसायला विनोदी दिसतं पण असो. आणि आवाज ऐका. थाड थाड वाजत असेल तर वेग जास्त आहे किंवा पाऊल लांब आहे, दोन्हीवर उपाय एकच, पावलं छोटी करा.

पायवाटेवर आणखी एक भानगड असते ती मुरमाची. वेताळ टेकडीच्या कोरड्या उतारावर सुट्टा मुरूम पायाखालून घरंगळतो, त्यात चांगले चांगले लोक बुडावर आपटतात. तिथे मुरमाचा पट्टा टाळून गवताच्या कडेने किंवा दगड पक्का दिसतोय तिथून उतरा, नाहीतर सरळ चाला. पावसाळ्यात उलटं होतं, मुरूम दबतो पण कातळ आणि पायऱ्यांवर शेवाळ धरतं, आणि शेवाळावर कुठल्याच कंपनीच्या बुटाची ग्रिप चालत नाही, दुकानदार काहीही सांगो. तुमचा सगळा सराव जून ते ऑगस्ट होणार म्हणून हे मुद्दाम लिहितोय. धो धो पाऊस असेल त्या दिवशी पायवाट सोडा, डांबरीवर या.

बारा आठवड्यांचं म्हणाल तर मी असं करेन. आठवड्यात चार दिवस पळणं पुरे, त्यात टेकडीचा एकच दिवस, एक लांब पळण्याचा, बाकी दोन दिवस सपाटीवर निवांत. पहिले तीन आठवडे टेकडीच्या दिवशी एआरएआय रस्त्याने वर पळत-चालत जा आणि खाली चालत या. हो, चालत, कितीही कंटाळा आला तरी, मोह होईल, आवरा. फक्त शेवटचे तीनचारशे मीटर, जिथे उतार सौम्य होतो तिथे, हळू पळा. चौथ्या आठवड्यापासून हा उताराचा पळायचा तुकडा दरवेळी थोडा वाढवा, म्हणजे सातव्या-आठव्या आठवड्यापर्यंत अख्खा उतार पळत येता येईल, तोही बोलता बोलता. याच काळात अधूनमधून टेकडीच्या दिवशी छोटे तुकडे करा, ५-६ टक्क्यांच्या चढावर ४५ सेकंद जरा जोरात, मग चालत खाली, असे सहा, पुढे आठ. याने चढावरची ढब सुधारते, दमापेक्षा ढबच जास्त. आठव्या आठवड्यानंतर हे तुकडे लांब करा, तीनचार मिनिटांचे तीन-चार, कारण घाट हा ४५ सेकंदांचा नसतो.

लांब पळणं हळूहळू १६-१८ किमीपर्यंत न्या आणि त्यातलं एखाददुसरं चढउताराच्या रस्त्यावर करा. चांदणी चौकाकडून भूगाव-पिरंगुट करणारे बरेच आहेत पण तिथली वाहतूक बघता मला ते आवडत नाही, पाषाण-बाणेरच्या बाजूला किंवा तळजईला फेऱ्या मारलेल्या बऱ्या.

इथे एक आठवण काढल्याशिवाय राहवत नाही. न्यूझीलंडचा आर्थर लिडियार्ड नावाचा कोच होता, तो आपल्या पोरांना ऑकलंडजवळच्या वाइटाकेरे डोंगरातून २२ मैलांचा वायाटारुआचा रस्ता पळायला लावायचा, अगदी ८०० मीटर पळणाऱ्यालासुद्धा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये त्याच्या हाताखालच्या पीटर स्नेलने ८०० मीटरचं आणि मरे हॅलबर्गने ५००० मीटरचं सुवर्ण एकाच दिवशी जिंकलं, तेव्हापासून सगळ्या जगाने टेकडीचा सराव मनावर घेतला. पण हे वाचून लगेच आठवड्यातून चार वेळा टेकडी करायला जाऊ नका, त्याची पोरं टेकडीच्या खास व्यायामाकडे वळायच्या आधी कित्येक महिने नुसती निवांत लांब पळायची, हा भाग लोक गाळतात.

घरी करायचे व्यायाम कंटाळवाणे आहेत पण उतारासाठी त्यांना पर्याय नाही. जिन्याच्या पायरीवर एका पायावर उभं राहून दुसरा पाय हळू हळू खाली नेऊन टाच टेकवायची आणि परत वर, गुडघा आत न झुकू देता, प्रत्येक पायाला दहा-बारा वेळा. खाली जाताना मनात तीन मोजा, कारण हाच तो ताणत-जोर-लावण्याचा भाग. पायरीच्या कडेवर चवडा ठेवून टाचा वर-खाली, एकदा गुडघे सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, कारण पोटरीत दोन वेगळे स्नायू आहेत. उठाबशा. बस, आठवड्यातून दोनदा पंधरा-वीस मिनिटं, टेकडीच्या आदल्या दिवशी नको.

कुठलं दुखणं चालवून घ्यायचं आणि कुठलं नाही हे कळायला हवं. दोन्ही मांड्या सारख्या दुखतायत, दाबलं की दुखतं, हालचाल केली की मोकळं होतं, तीनचार दिवसांत जातं, हे चालतं. एकाच पायाला, एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखतंय, पळताना वाढत जातंय, तर थांबायचं. उतारावर गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला ठराविक अंतरानंतर सुई टोचल्यासारखं होणं हे मांडीच्या बाहेरून येणाऱ्या पट्ट्याचं दुखणं असतं, त्यात उतार दोनतीन आठवडे बंद करून फिजिओला दाखवावं. सकाळी उठल्यावर पहिली चार पावलं टाचेमागे कडक लागत असतील तर चढ कमी करा. नडगीच्या हाडावर एकाच ठिकाणी दुखत असेल तर पळणं पूर्ण बंद आणि डॉक्टर. आणि एक क्वचित होणारी पण गंभीर गोष्ट, खूप उतार पळून झाल्यावर लघवी गडद, कोऱ्या चहासारखी व्हायला लागली आणि अंग प्रमाणाबाहेर दुखत असेल तर घरी वाट बघत बसायचं नाही, तडक हॉस्पिटल, स्नायू तुटून त्याचा भार किडनीवर येत असतो. सवय नसताना डोंगराची मोठी रेस केली, वर पेनकिलर खाल्ली, पाणी कमी प्यायलं, अशा मिश्रणातून हे होऊ शकतं. म्हणून रेसच्या आधी पेनकिलर घेऊन पळायची जी फॅशन आहे ती मला अजिबात मान्य नाही.

आईंच्या प्रश्नाचं उत्तर. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला गेला होता, त्यात हौशी पळणाऱ्यांमध्ये गुडघा-खुब्याच्या झिजेचं प्रमाण ३.५ टक्के, बैठं काम करणाऱ्यांमध्ये १०.२ टक्के आणि स्पर्धात्मक पातळीवरच्या धावपटूंमध्ये १३.३ टक्के आलं. म्हणजे आपल्यासारख्यांनी पळून गुडघे झिजतात असं दिसत नाही, उलटच दिसतं. यात जे पळतात ते मुळातच धडधाकट असतात असाही भाग असणार, ते आईंना सांगायची गरज नाही. गुडघ्याचं आधी ऑपरेशन झालेलं असेल किंवा वजन बरंच जास्त असेल तर मात्र उतार अजून सावकाश वाढवा. आणि चाळिशी ओलांडली आहे, घरात हार्टचा इतिहास असेल, बीपी-शुगर असेल, किंवा चढावर छातीत दडपल्यासारखं, चक्कर आल्यासारखं झालं असेल, तर पुढच्या रविवारच्या आधी डॉक्टरकडे जाऊन तपासणी करून या, त्यानंतरच टेकडी. नुसता दम लागणं वेगळं आणि हे वेगळं.

रेसच्या दिवसाबद्दल थोडं. साताऱ्याची ही रेस २०१२ पासून होते, शहरातून निघून यवतेश्वरचा घाट चढून कासच्या दिशेने जायचं आणि त्याच रस्त्याने परत, अंतर २१ किमी. पावसाळ्याचा शेवट असतो त्यामुळं वर धुकं, भुरभुर पाऊस, अंगावर काटा आणणारा गारवा असू शकतो आणि खाली आल्यावर ऊन निघालेलं असतं. ढोलताशे, फुलं टाकणारे लोक, शाळेची पोरं, वातावरण असं असतं की पहिल्या दोन किमीत प्रत्येकजण स्वतःला विसरतो. तुम्ही विसरू नका. शहरातला भाग सगळ्यात हळू, घाट लागला की ठरवलेला पळा-चालाचा हिशोब, पाणी प्रत्येक ठिकाणी दोन घोट, गारवा आहे म्हणून तहान लागत नाही पण घाम येत असतो. वळण घेतल्यावर पहिले दोनतीन किमी मुद्दाम आवरा. सगळे तुमच्या अंगावरून भर्रकन जातील, जाऊ द्या, लोडेड ट्रकवाला घाट उतरताना खालच्या गिअरमध्येच ठेवतो आणि खाली पोचतो, तसं. यातले बरेचजण शेवटच्या तीन किमीत शहरात, सपाटीवर, उन्हात, मांड्यांत गोळे येऊन चालताना भेटतील. तुमच्या सपाट हाफच्या वेळेत पंधरा-वीस मिनिटं मिळवा, पहिल्या वेळेला तेवढं ठीक आहे. सपाट हाफ केलीच नसेल तर वेळेचा विचारच करू नका.

बूट नवीन घ्यायची गरज नाही. डांबरी घाटाला रोजचे रोड शूज चालतात, फक्त तळवा घासून गुळगुळीत झालेला नको. मुरमाच्या वाटांवर नेहमी जायचं ठरवलंत तर मग ट्रेल शूज बघा. उतारावर बोटं पुढे आदळून नखं काळी पडतात, त्यासाठी दोन दिवस आधी नखं कापा आणि बुटाच्या घोट्याजवळचं ते शेवटचं जास्तीचं भोक असतं ना, त्यातून लेस घेऊन टाच घट्ट बांधा, पाय पुढे सरकत नाही.

नवव्या-दहाव्या आठवड्यात एक रविवार काढून साताऱ्याला जाऊन यवतेश्वर घाट प्रत्यक्ष पळून या, एआरएआय कितीही केलं तरी सलग घाट म्हणजे काय ते तिथेच कळतं. पहाटे उजाडता उजाडता सुरू करा, कासला जाणाऱ्या गाड्या सातसाडेसातनंतर वाढायला लागतात आणि शनिवार-रविवारी तर विचारू नका. भडक रंगाचा टीशर्ट, धुकं असेल तर मागे लुकलुकणारा लाल दिवा, कानात इअरफोन नको. उजव्या बाजूने, समोरून येणारी गाडी दिसेल असे पळा, पण उजवीकडे वळणारं आंधळं वळण आलं की आतल्या बाजूला चिकटून राहू नका, आधीच मागेपुढे बघून बाहेरच्या बाजूला जा, कारण आतल्या कडेने येणाऱ्या गाडीवाल्याला तुम्ही शेवटच्या क्षणाला दिसता. शिवाय वळणाच्या आतल्या बाजूला चढही जास्त तीव्र असतो, त्यामुळं बाहेरून गेल्याने चारदोन मीटर जास्त पडले तरी पायाला हलकंच जातं.